काळजी आक्कांना, सिरप बाळाला



आज जरा भांडायला बसले आहे. भांडण कुणा एकीशी नाही, आपल्या घराघरांतल्या एका सवयीशी आहे. लेकरू वर्षा-सव्वा वर्षाचं असतं. दाढा येत असतात, लाळेने झबलं ओलं झालेलं असतं, अंग जरा कोमट लागतं. लेकरू खेळतंय, दूध पितंय, मांजरामागे रांगतंय. तेवढ्यात घरातलं कुणी मोठं माणूस कपाळाला पालथा हात लावतं आणि म्हणतं, "अगं बाई, ताप आहे!" पुढच्या अर्ध्या तासात त्या लेकराच्या पोटात गुलाबी सिरप गेलेलं असतं. ते सिरप लेकराला हवं होतं म्हणून दिलेलं नसतं. मोठ्या माणसाचा जीव भांड्यात पडावा म्हणून दिलेलं असतं.

या वैशाखात आमच्याकडे हेच होणार होतं. नातू चौदा महिन्यांचा. यांच्या थोरल्या बहीण, आमच्या आक्का, ऐंशीच्या घरातल्या, महिनाभर राहायला आल्या होत्या. अमडापूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, दुपारी दोनला मागच्या पत्र्याच्या खोलीत उभं राहवत नाही. त्या खोलीत लेकरू झोपलेलं, डोक्याला टोपडं, अंगावर दुपट्याची घडी, कारण "वारं लागंल". उठलं ते गरम. आक्कांनी हात लावला आणि आरडाओरडा केला, "पोरगं तापलं माय, अन् तुम्ही काय बसल्या पाहत?" माझी सून एका क्षणात आरोपीच्या पिंजऱ्यात. मुलाने पायात चप्पल घातली, मेडिकलवर निघाला. मी त्याला दारातच थांबवलं. आधी टोपडं काढलं, दुपटं काढलं, लेकराला पुढच्या खोलीत आणलं, दूध पाजलं, वीस मिनिटं जाऊ दिली. मग काखेत थर्मामीटर. 99.2.

आक्का म्हणाल्या, "पाहा, नव्व्याण्णवाच्या वर आहे!"

बहुतेक भांडणं इथेच अडतात, म्हणून आकडे सांगते. ताप म्हणजे 38 अंश सेल्सियस, आपल्या फॅरनहाइटमध्ये 100.4, आणि त्याच्या वर. काखेत मोजलं तर आतल्या तापमानापेक्षा थोडं कमी दिसतं, म्हणून काखेत 99.5 ओलांडलं की लक्ष ठेवायचं. 98.6 हा काही दगडावरचा आकडा नाही. निरोगी माणसाचं अंग सकाळी थंड आणि संध्याकाळी थोडं गरम असतं. रडून उठलेल्या, गुंडाळून ठेवलेल्या लेकराचं तर असतंच. आणि हाताचं म्हणाल, तर पोळ्या लाटून आलेला हात वेगळं सांगतो आणि भांडी घासून आलेला वेगळं. हात प्रेमाचा असतो, मापाचा नसतो.

मग दातांनी ताप येतो की नाही? यावर खरंच अभ्यास झाले आहेत. अमेरिकेत 2000 साली एक प्रसिद्ध झाला. 125 बाळांच्या आयांनी रोज दोनदा तापमान आणि लक्षणं लिहून ठेवली होती. दात दिसायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, असे आठ दिवस त्रासाचे निघाले. लाळ, चावणं, हिरड्या चोळणं, कान ओढणं, चिडचिड, घट्ट जेवणाचा कंटाळा आणि अंग किंचित कोमट होणं, एवढं दातांशी जुळलं. 102 च्या वरचा ताप, उलटी, खोकला, हे जुळलं नाही. पुढे 2016 साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यातही हेच आलं, की दातांनी अंग थोडं गरम होतं, पण ज्याला ताप म्हणतात तिथपर्यंत जात नाही.

आता माझ्यातली बी.कॉम. जागी होते. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात, शेवटचा अडीच वर्षांच्या आसपास. एकेका दाताला आठ दिवस धरले तर 160 दिवस होतात. काही दात जोडीने येतात, थोडे कमी धरा. तरी दोन वर्षांत जवळजवळ प्रत्येक पाचवा दिवस "दाताचा" म्हणता येईल. नेमक्या त्याच वयात आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण ओसरत जातं, लेकरू रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं. म्हणजे सर्दी, जुलाब, कानदुखी यांचे दिवस आणि दातांचे दिवस एकमेकांवर पडणारच. हिशेब जुळला नाही की फरकाची रक्कम उचंत खात्यात टाकतात, आम्ही त्याला सस्पेन्स अकाउंट म्हणायचो. आपल्या घरांत 'दात' हे तसं उचंत खातं झालंय. ताप आला टाक दातात, जुलाब झाले टाक दातात, लेकरू चिडलं टाक दातात. वर्षअखेर कुणी ते खातं उघडून पाहत नाही.

हे खातं न उघडल्याने काय होतं, ते आमच्या घराने भोगलं आहे. माझ्या सासूबाईंचं दुसरं मूल अकरा महिन्यांचं असताना गेलं. घरात एवढंच सांगतात, "ते दातावर गेलं." मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही तसंच सांगितलं गेलं. एकदा मी सासूबाईंना शांतपणे विचारलं, नेमकं काय झालं होतं? म्हणाल्या, उन्हाळ्याचे दिवस, दोन दिवस सारखे जुलाब, डोळे आत गेलेले, टाळू खाली बसलेली. आणि पाणी द्यायचं नाही असं घरच्या मोठ्यांनी बजावलेलं, पाण्याने जुलाब वाढतील म्हणून. मैत्रिणींनो, दाताने कुणाची टाळू खाली बसत नाही. ते लेकरू पाण्यावाचून गेलं. मीठ-साखर-पाण्याने जीव वाचतो हे डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 साली बोनगावच्या निर्वासित छावणीत हजारो आजाऱ्यांवर दाखवून दिलं. सासूबाईंचं लेकरू त्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. तेव्हा आक्का घरातच होत्या, दहा-बारा वर्षांच्या. आज त्यांचा हात कपाळावर कापतो तो उगीच नाही.

म्हणून आजकालच्या मुली मोबाइलवर वाचून "तुम्हाला काही कळत नाही, दातांनी ताप येत नसतो" असं तोंडावर फेकतात, तेही मला पटत नाही. त्यांनी एकही लेकरू तसं जाताना पाहिलेलं नाही, हे त्यांचं भाग्य आहे.

बरं, हे खातं फक्त आपल्याकडचं नाही. 1839 सालच्या इंग्लंड आणि वेल्सच्या मृत्यूनोंदींत 5,016 मृत्यू दात येण्याच्या नावावर मांडले आहेत. जे कळलं नाही ते दातांच्या माथी. त्यावर तिथे उपाय काय, तर दातांची पावडर, आणि तिच्यात पारा. लेकरांचे हातपाय गुलाबी पडून सोलायचे, ती दिवसरात्र कण्हायची. हा आजार पाऱ्यामुळे होतो हे कळून पावडरीतून पारा निघायला 1954 उजाडलं. आपल्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया कामाच्या पाळीत लेकरू झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी देत. नाव केवढं गोड, बाळगोळी. त्या बायांना मी दोष देत नाही, त्यांच्या पोटाचा प्रश्न होता. आपला कोणता प्रश्न आहे? आपल्याला फक्त घर शांत हवं असतं.

मेळघाटात आजारी तान्ह्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याचा डंबा दिल्याची बातमी आली की आपण नाकं मुरडतो. आपला डंबा स्ट्रॉबेरीच्या चवीचा असतो आणि चमच्याने दिला जातो, एवढाच फरक.

अतिशयोक्ती वाटते? 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाड्यात काय झालं ते आठवा. आपल्या विदर्भाला लागून असलेला जिल्हा, कित्येक लेकरं उपचाराला नागपूरलाच आणली होती. साधी सर्दी, साधा ताप. खोकल्याच्या औषधात डायइथिलिन ग्लायकॉल निघालं, 0.1 टक्क्याच्या वर असू नये ते 48 टक्क्यांच्या वर. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून अधिक मुलं गेली. ती औषधं आईबापांनी मनाने दिली नव्हती, लिहूनही दिली होती, हे मला ठाऊक आहे. पण त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याचं औषध देऊच नये. आणि आपण काउंटरवर जाऊन म्हणतो, "दात येतायत, काहीतरी द्या." ते 'काहीतरी' काय असतं, हे आपल्यातल्या किती जणी बाटली फिरवून वाचतात? नवऱ्याच्या शर्टाच्या बिलावरचा जीएसटी आपण वाचतो.

बाटली वाचायची तर पॅरासिटामॉलचीच वाचा. थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम असतं. सिरपच्या बाटलीत पाच मिलीमध्ये 120 किंवा 125, म्हणजे एका मिलीमध्ये जेमतेम 25. आणखी एक सिरप 250 वालं, ते दुप्पट. नाव तेच, खोकं तसंच. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने दिलं तर चौपट गेलं. "थोरल्याला पाच मिली दिलं होतं, यालाही द्या" हे वाक्य आमच्या ओळखीच्या एका घरात मी या कानांनी ऐकलंय, आणि थोरला होता सहा वर्षांचा. मात्रा वजनावर ठरते. लेकरू बरं असताना डॉक्टरांकडून त्याचं वजन, बाटलीचं नाव आणि किती मिली, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. औषध वाईट नाही. लेकरू खरंच तापलं असेल, कण्हत असेल, तर तेच द्यायचं. 99.2 ला ते कुणासाठी देतोय, एवढंच विचारायचं.

हिरड्यांवर चोळायच्या जेलचंही तसंच. बेन्झोकेनसारखं बधिर करणारं द्रव्य असलेली जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली बजावलं. त्याने रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होऊ शकते. "होमिओपॅथीच्या गोळ्या तरी देऊ" म्हणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. 2017 साली त्याच प्रशासनाने दातांच्या काही होमिओपॅथिक गोळ्या तपासल्या, तर बेलाडोनाचं प्रमाण लेबलावर लिहिल्यापेक्षा कुठे कितीतरी जास्त निघालं. साबुदाण्याएवढी गोळी म्हणून निर्धास्त राहू नका.

आक्कांचा दुसरा हल्ला आयुर्वेदाचा. "आपल्या ग्रंथांतच लिहिलंय, दात येताना सगळे रोग होतात." बरोबर, वाग्भटांनी तसं म्हटलंय. पण त्याच ठिकाणी पुढे त्यांनी असंही सांगितलंय, की दातांमुळे होणाऱ्या त्रासांत लेकराला फार पथ्या-बंधनांत जखडू नये, दात आले की ते त्रास आपोआप शमतात. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ, दुसरं कुणी वाचत नाही. आणि गंमत बघा, शेजारच्या काकू सहज सांगून जातात, "हिरडीला मध लावा." अहो, मध आपल्याला वर्ज्य. उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक' हा जैन वैद्यकग्रंथ, 1940 साली सोलापूरला छापला गेला, त्यात तर मद्य, मांस आणि मधु सोडून सगळं औषध सांगितलंय. इकडे आजचे बालरोगतज्ज्ञही एक वर्षाखाली मध देऊ नका म्हणतात, त्यातून बोट्युलिझमची विषबाधा होऊ शकते म्हणून. आपली मुलं या एका धोक्यातून परंपरेनेच सुटली. मग द्यायचं काय? स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी चोळा. ओला मऊ फडका फ्रिजमध्ये गार करून चावायला द्या. गारेगार काकडीचा मोठा लांब तुकडा आपण हातात धरून चघळायला द्यायचा, तुटायला लागला की काढून घ्यायचा. खारीक बांधून देतात ती मला आवडत नाही. बी निसटून घशात गेली तर?

धर्माचं आणखी एक बोलते, रागावू नका. काही घरांत सूर्यास्तानंतर लेकराला पाणी, औषध द्यायला मोठी माणसं खळखळ करतात. आक्कांचा चौविहार चाळीस वर्षांचा आहे, मी त्यांच्या पायाशी बसते. पण नियम ज्याने घेतला त्याचा. आपल्या परंपरेत दीक्षेलासुद्धा आठ वर्षांची मर्यादा सांगितली आहे, मग चौदा महिन्यांच्या जिवावर कोण कुठला नियम घालतंय? जुलाब होणाऱ्या लेकराला रात्री पाणी नाकारणं यात तप नाही. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येत प्रमाद आधी ठेवला आहे. न मोजता औषध देणं आणि गरज असताना पाणी न देणं, दोन्ही प्रमादच. आणि काळजी? ती तर सरळ आर्तध्यान. आक्कांना मी हे हसत हसत सांगितलं, "तुम्ही सामायिकात बसता आणि पीडाचिंतन नातवाचं करता." त्याही हसल्या. (आर्तध्यानाचा चौथा प्रकार 'निदान'. डॉक्टर करतात ते निदान वेगळं, त्याची घाई केली तरी कर्मबंध नाही.)

पण हसून काळजी जात नाही. कुणाची काळजी "काही नाही हो, दात आहेत" म्हणून मोडीत काढली की ती मागच्या दाराने येते. आक्का रात्री जालन्याला लेकीला फोन लावणार, ती पुण्याला माझ्या मुलीला लावणार, मुलगी वहिनीला लावणार, आणि सकाळपर्यंत चार घरांत माझी सून निष्काळजी ठरणार. म्हणून मी आक्कांना कामाला लावलं. त्यांच्या हातात थर्मामीटर दिलं आणि एक जुनी लाल वही. दर चार तासांनी काखेत मोजायचं, वेळ लिहायची. दूध किती वेळा, लघवी किती वेळा, शी कशी, खेळला की पडून राहिला, एवढे रकाने मी आखून दिले. पहिल्या दिवशी आक्कांनी नऊ वेळा मोजलं. हरकत नाही. 99.0, 98.8, 99.4, 98.6. लघवी सात वेळा. शेजारच्या बाई विचारायला आल्या तेव्हा आक्कांनी वही उघडून दाखवली, "आकडा पाहा, हात नका लावू." तिसऱ्या दिवशी वरच्या बाजूची दाढ टोचायला लागली. आक्कांची काळजी संपली नाही, त्या अजूनही फोनवर पहिलं तेच विचारतात. पण आता विचारतात, "किती भरला?"

सासवांना मात्र स्पष्ट सांगते. आपल्याच वयाची, आपल्याच नात्याची बाई जेव्हा सुनेला सगळ्यांसमोर "पोराकडे लक्ष नाही" म्हणते, तेव्हा मधे पडायचं काम आपलं आहे. सुनेचं नाही, आणि मुलाचंही नाही, तो तर चप्पल घालून मेडिकलवर निघालेला असतो. सून दोन रात्री जागलेली असते. तिने उलट बोललं तर उद्धट, नाही बोललं तर निष्काळजी. "मी बघितलंय, मी मोजलंय, औषध नको हे मी ठरवलंय" हे सासूने म्हटलं की वाद तिथेच थांबतो. आपल्याला कोण काय म्हणणार आहे?

आता उलट बाजू, कारण एवढं वाचून कुणी खरा ताप दातांच्या खात्यात टाकून बसायला नको. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 भरला की घड्याळ न बघता डॉक्टर, त्या वयात दात नसतातच. मोठ्या लेकराला 102 च्या वर गेला, किंवा कमी असूनही दोन-तीन दिवस हटला नाही, तर दात हे उत्तर नाही. मुलींमध्ये नुसता ताप असतो आणि आत लघवीचा संसर्ग निघतो. पावसाळ्यात आपल्या भागात डेंग्यू-मलेरियाही असतो. आणि आकडा कितीही असो, पुढचं काही दिसलं तर थांबायचं नाही: दूध-पाणी घेतच नाही, घेतलेलं सगळं उलटतं, झटका आला, उठवून उठत नाही, धाप लागते, सहा-आठ तासांत लघवी नाही, दाबल्यावर न विरणारे लाल-जांभळे ठिपके. रात्री गाडी कुठून मिळणार, चिखलीला न्यायचं की खामगावला, हा विचार तेव्हा करत बसू नका, आज दुपारीच घरात ठरवून ठेवा. तोवर 108 ला फोन लावा, आणि निघताना ती लाल वही सोबत घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, कधीपासून आणि किती.